चावी फिरवली तरी सेल्फ लागेना? बॅटरी बदलण्याआधी क्लच पेडलचा स्विच तपासा

पहाटेची वेळ. घरातल्या माणसाला तातडीने दवाखान्यात न्यायचे आहे. गाडीत सगळे बसले, चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख लागले, हॉर्न खणखणीत वाजला, पण सेल्फचा आवाजच नाही. साधे 'टक'सुद्धा नाही. मग कुणी म्हणते बॅटरी गेली, कुणी म्हणते सेल्फ जळाला. तालुक्याहून नवी बॅटरी येते, बसते, आणि गाडी तरीही गप्पच.

अशा वेळी बऱ्याचदा बिघाड असतो तो क्लच पेडलच्या वर, डॅशबोर्डखालच्या अंधारात बसवलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचमध्ये. बॅटरी किंवा सेल्फच्या मानाने ही वस्तू किरकोळ किमतीची आहे. पण ती आहे हेच माहीत नसल्यामुळे खर्च भलतीकडेच होतो. आणि सापडली तरी अनेकदा ती दुरुस्त न करता 'डायरेक्ट' करून टाकली जाते. हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा घातक आहे. म्हणून हा स्विच ओळखायचा कसा, तपासायचा कसा आणि 'डायरेक्ट' का करू द्यायचा नाही, याची ही माहिती.

हा स्विच करतो काय?

गिअरच्या गाडीत क्लच दाबला आहे की नाही, हे गाडीच्या वायरिंगला आणि कॉम्प्युटरला कळवणे एवढेच या स्विचचे काम. तो दोन ठिकाणी असू शकतो.

पहिला, खालचा स्विच. क्लच पार तळाला गेला की हा दाबला जातो आणि सेल्फला करंट जाण्याची वाट मोकळी होते. क्लच दाबला नसेल तर सेल्फ लागतच नाही. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर ती उडी मारू नये, यासाठी ही सोय.

दुसरा, वरचा स्विच. पाय काढल्यावर पेडल वर येऊन जिथे टेकते, तिथे हा असतो. पेडलला जरा पाय लागला की त्याला कळते. क्रूझ कंट्रोल सोडवणे, गिअर बदलताना इंजिनची रेस सांभाळणे, सिग्नलला आपोआप बंद झालेले इंजिन पुन्हा चालू करणे, अशी कामे या स्विचच्या इशाऱ्यावर होतात.

काही गाड्यांत दोन्ही असतात, काहींत एकच. काही नव्या गाड्यांत बटणाऐवजी चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. पुष्कळ जुन्या आणि साध्या गाड्यांत मात्र सेल्फसाठी असा स्विच नसतोच, तिथे क्लच न दाबताही सेल्फ लागतो. आपल्या गाडीत काय आहे हे गाडीसोबतच्या पुस्तकात 'इंजिन सुरू करणे' या भागात दिलेले असते. तिथे 'क्लच पूर्ण दाबल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही' अशा अर्थाचे वाक्य असेल, तर स्विच आहे असे समजा.

बिघाडाची लक्षणे

१. क्लच दाबून चावी फिरवली तरी सेल्फ पूर्ण गप्प. दिवे आणि हॉर्न मात्र व्यवस्थित.
२. कधी एका चावीत सुरू, कधी दहा वेळा फिरवूनही नाही. क्लच दोन-चार वेळा जोरात दाबला की अचानक लागते.
३. बटण स्टार्टच्या गाडीत क्लच दाबलेला असतानाही पडद्यावर 'क्लच दाबा' हीच सूचना येत राहते.
४. क्रूझ कंट्रोल लागत नाही, किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय काम करत नाही.
५. गिअर बदलताना रेस सोडली तरी इंजिनचा आवाज लगेच उतरत नाही, किंवा गाडी हलका झटका देते.
६. आधी क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नव्हता, आता न दाबताही लागतो. गाडी सुरू होते म्हणून याकडे कुणी लक्ष देत नाही. पण सर्वांत धोक्याचे लक्षण हेच.

चौथे आणि पाचवे लक्षण दुसऱ्या कारणांनीही दिसू शकते. त्यामुळे एकाच लक्षणावरून स्विचला दोष देऊ नका.

बॅटरी, सेल्फ की स्विच?

खर्च करण्याआधी हा फरक समजून घ्या. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभे न करता बाजूने बघायला सांगा. मग क्लच दाबून चावी फिरवा.

हेडलाइट एकदम मंद होतो आणि 'टक टक टक' असा आवाज येतो: बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल वा गंजलेले आहेत.

हेडलाइट लख्ख राहतो आणि एकच मोठा 'टक' आवाज येऊन थांबतो: स्विचमधून करंट पुढे गेला आहे. सेल्फ किंवा त्याच्या जाड वायरीकडे बघा.

हेडलाइट लख्ख राहतो आणि आवाजच नाही: क्लच स्विच, फ्यूज, सेल्फचा रिले किंवा चावीचा स्विच, यांपैकी काहीतरी.

डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते आहे: गाडीने चावी ओळखलेली नाही. बटण स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तरी असे होते. दुसरी चावी वापरून बघा.

हत्याराशिवाय पाच मिनिटांत

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड आणि गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही, हे आधी बघा. मग या क्रमाने चला.

पायाखालची मॅट काढा. हौसेने टाकलेल्या जाड मॅटवर मॅट असेल तर क्लच तळाला टेकतच नाही. बोटभर अंतर राहिले तरी खालचा स्विच दाबला जात नाही. मॅटखाली पाण्याची बाटली, खडा, चपलेचा तुकडा अडकला आहे का तेही बघा.

सीट पुढे घ्या. उंच माणसाने मागे सरकवलेल्या सीटवर घरातले दुसरे कुणी बसले की पाय पूर्ण पोचत नाही. क्लच दाबल्यासारखा वाटतो, पण दाबलेला नसतो.

पेडल हाताने वर ओढून सोडा आणि मग तळापर्यंत दाबून धरा. तसेच धरून चावी फिरवा. पेडल जरा डावी-उजवीकडे हलवून पुन्हा बघा. अशा हलवण्याने सेल्फ लागला तर संशय जवळजवळ पक्का. स्विच सैल झाला आहे, झिजला आहे किंवा त्याचा कनेक्टर ढिला आहे.

फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात सेल्फ आणि इग्निशनचे फ्यूज कुठले ते दिलेले असते. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तार गुंडाळून काम भागवू नका.

रिलेचा आवाज ऐका. एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने बॉनेटखालच्या रिले बॉक्सवर बोट ठेवायचे. क्लच दाबून चावी फिरवताना सेल्फच्या रिलेचा बारीक 'टिक' बोटाला जाणवला, तर अडचण बहुधा स्विचच्या पुढे आहे. जाणवला नाही तर मागे, म्हणजे स्विचच्या बाजूला.

आता मोबाइलचा टॉर्च घ्या

चावी काढून घ्या आणि ड्रायव्हरच्या बाजूने डोके खाली घालून क्लच पेडलच्या दांडीवर उजेड टाका. पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

सर्वात आधी बूच बघा. पेडलच्या दांडीला एक भोक असते आणि त्यात रबराचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे बूच बसवलेले असते. हे बूच स्विचचे टोक दाबते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि घासण्याने ते ठिसूळ होऊन तुटते. मग स्विच चांगला असूनही त्याचे टोक भोकातून आरपार जाते आणि काहीच दाबले जात नाही. मॅटवर प्लॅस्टिकचा भुगा किंवा बारीक तुकडे पडलेले दिसले, तर हेच झाले आहे असे समजा. या बिघाडात अख्खा स्विच बदलण्याची गरज नसते, नवीन बूच बसवले की काम होते. बूच मिळेपर्यंत त्या भोकात योग्य मापाचा छोटा बोल्ट, वॉशर आणि नट घट्ट बसवून काम चालवता येते. यात स्विच आपले काम करत राहतो, त्यामुळे गाडीची सुरक्षा जात नाही.

स्विचचे टोक बोटाने दाबून सोडा. ते झटकन बाहेर आले पाहिजे. चिखल-धुळीने अडकत असेल तर ब्रशने झाडून इलेक्ट्रिकचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

स्विचच्या मागचा नट सैल आहे का बघा. खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी तो ढिला होतो आणि स्विच मागे सरकतो.

कनेक्टर काढून आत हिरवट-पांढरा गंज आहे का बघा. पावसाळ्यात चिखलाच्या पायांनी आत बसणे आणि वॉशिंग सेंटरवर आतून पाण्याचा फवारा मारणे, या दोन्ही गोष्टी या कनेक्टरच्या मुळावर येतात.

वायरी कुरतडल्या आहेत का बघा. ऊसतोडीनंतर आणि मळणीच्या दिवसांत उंदीर घराकडे वळतात. धान्याच्या खोलीशेजारी किंवा गोठ्याजवळ चार दिवस उभी राहिलेली गाडी त्यांना आयतीच सापडते.

पेडलवरून तेल ओघळले आहे का बघा. तेलावर चालणाऱ्या क्लचचा मास्टर सिलिंडर गळत असेल तर तेल स्विचपर्यंत येते. अशा वेळी स्विच बदलून उपयोग नाही, आधी गळती काढावी लागते. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचे तेल एकाच डब्यातून जाते, त्यामुळे या गळतीकडे दुर्लक्ष म्हणजे ब्रेकशी खेळ. क्लच केबलचा असेल आणि केबल सैल पडली असेल, तर पेडल पूर्ण वर येत नाही. मग वरचा स्विच कायम चुकीचा इशारा देतो.

मल्टीमीटरने पक्की खात्री

गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा वायरमनकडे मल्टीमीटर असतोच. दोन पिनांचा साधा स्विच असेल तर तपासणी सोपी आहे.

१. चावी काढा, स्विचचा कनेक्टर सोडवा.
२. मीटर बीपवर ठेवून त्याची दोन टोके स्विचच्या दोन पिनांना लावा.
३. स्विचचे टोक दाबा, सोडा. एका स्थितीत बीप आली पाहिजे, दुसरीत थांबली पाहिजे. कोणत्या स्थितीत बीप येणार हे स्विचच्या प्रकारावर असते. फरक पडणे महत्त्वाचे.
४. दोन्ही स्थितींत बीप येत असेल किंवा दोन्हींत येत नसेल, तर स्विच गेला.
५. वीस वेळा दाबून बघा, दाबताना स्विच थोडा हलवा. मधेच एखादी बीप चुकली तर अधूनमधून रुसणारी गाडी ती हीच.
६. मीटर ओहमवर ठेवून आकडा बघा. जोडलेल्या स्थितीत तो जवळजवळ शून्य हवा. बराच जास्त दिसत असेल तर आतले पॉइंट जळाले आहेत.

स्विच चांगला निघाला तर गाडीकडून येणाऱ्या कनेक्टरमध्ये करंट येतो का बघा. गाडीप्रमाणे तिथे बारा किंवा पाच व्होल्ट मिळतात. काही गाड्यांत चावी सेल्फच्या जागी धरली तरच करंट येतो, हे लक्षात ठेवा. काहीच येत नसेल तर फ्यूज, वायर किंवा चावीचा स्विच तपासावा लागेल.

तीन किंवा चार पिना असतील तर तो सेन्सर किंवा दुहेरी स्विच असू शकतो. तिथे अंदाजाने वायरी जोडून बघू नका, कॉम्प्युटरला इजा होऊ शकते. ते काम स्कॅनरचे.

स्कॅनर काय सांगतो?

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. या गाड्यांना स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडण्याची जागा असते, बऱ्याच जुन्या गाड्यांनाही असते. क्लच स्विचच्या बिघाडात साधारणपणे पी ०७०४, पी ०८३० किंवा पी ०८३३ असे कोड दिसतात. कोड म्हणजे 'या वायरीच्या वाटेवर बघा' एवढीच खूण. स्विच, वायर, कनेक्टर यांपैकी नेमके काय खराब, ते तपासूनच ठरते. स्कॅनरमध्ये क्लच 'ऑन-ऑफ' दिसण्याची सोय असेल तर पेडल दाबून बघायचे. पाय खाली-वर होतो आणि पडद्यावर काहीच बदलत नाही, तर उत्तर मिळाले.

नवीन स्विच घेताना आणि बसवताना

जुना स्विच काढून सोबत न्या. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर सांगा. दिसायला सारखे असले तरी दाबल्यावर जोडणारे आणि दाबल्यावर तोडणारे असे दोन प्रकार असतात. चुकीचा बसला तर सगळे उलटेच होईल. शेजारीच ब्रेक लाइटचा स्विच असतो आणि तोही तसाच दिसतो, त्यांची अदलाबदल करू नका.

आटे असलेला स्विच काढण्याआधी बाहेर किती आटे दिसतात ते मोजा किंवा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे नवा त्याच मापाला बसतो. काही गाड्यांतला स्विच एकदाच माप धरतो. काढून पुन्हा तोच बसवला तर नीट चालत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः वायरिंगला हात न लावता सर्व्हिस सेंटरला न्या.

वाटेत अडकलात तर

चावीच्या गाडीत हा स्विच फक्त सेल्फ अडवत असेल, तर धक्का स्टार्ट चालतो. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग धरला की क्लच सोडायचा आणि इंजिन उचलताच पुन्हा दाबायचा. चावी न ओळखल्याचे चिन्ह लुकलुकत असेल तर धक्का मारून उपयोग नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टेअरिंग जड लागतात, म्हणून घाटात, उतारावर किंवा वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका. ढकलणाऱ्यांनी मागेच राहावे, दाराला लटकू नये.

'डायरेक्ट' करून घेऊ नका

गॅरेजमध्ये घाईच्या वेळी एक उपाय हमखास सुचवला जातो. स्विचच्या दोन वायरी सोलून एकमेकींना जोडायच्या आणि वर टेप गुंडाळायचा. दोन मिनिटांत गाडी चालू. पण त्या दिवसापासून क्लच न दाबता, गाडी गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो.

आपल्याकडे बरेच जण हँडब्रेकवर विश्वास न ठेवता गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करतात. अंगणात उभ्या गाडीला चावी लावलेली असते. बाहेर उभे राहून खिडकीतून हात घालून चावी फिरवायची सवयही अनेकांना आहे. घरातले लहान मूल खेळता खेळता चावी फिरवते. स्विच शाबूत असेल तर यातल्या कशानेही काही होत नाही. तो 'डायरेक्ट' असेल तर नुसता सेल्फसुद्धा पहिल्या गिअरमधली गाडी पुढे ढकलतो, आणि इंजिन उचलले तर ती थांबवायला आत कुणी नसते. समोर भिंत असेल तर नशीब, माणूस असेल तर काय होईल ते सांगायला नको.

ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. बऱ्याच ट्रॅक्टरला क्लचचा किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असतो. तो बिघडला की खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल जोडून ट्रॅक्टर सुरू केला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो तसाच चालू लागतो, आणि मोठे चाक सुरू करणाऱ्याच्याच अंगावर येते. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच सुरू करावा.

जुनी गाडी विकत घेतानाही हे बघा. पुस्तकात क्लच दाबण्याची अट आहे आणि गाडी मात्र क्लच न दाबता सुरू होते, तर कुणीतरी वायरी जोडून ठेवल्या आहेत. आधी त्या सोडवून स्विच बसवून घ्या.

काम झाल्यावर या चार गोष्टी बघा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पुढे-मागे कुणी नाही, अशा स्थितीत:

१. क्लच न दाबता चावी फिरवा. ज्या गाडीत अट आहे तिथे सेल्फ लागता कामा नये.
२. क्लच पूर्ण दाबून दहा वेळा सुरू-बंद करा. दहाही वेळा लागला पाहिजे.
३. ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात आणि सोडल्यावर विझतात का बघा.
४. मॅट परत टाकल्यावर क्लच तळाला टेकतो का बघा.

आणि गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायची सवय सोडा. त्याने क्लच प्लेट तर झिजतेच, वर 'क्लच दाबलेला आहे' असा खोटा इशाराही गाडीला सारखा जात राहतो.